पीओपी जळत नाही, म्हणून काय झालं?

ब्रिटन-अमेरिकेत जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: फायरप्लेसभोवतीची नक्षीदार चौकट घरीच पीओपीत ओता, पीओपी काही जळत नाही. साचा सिलिकॉनचाच करा. घट्ट कालवून फेविकॉल घातला की दगड होतो. आज ओता, उद्या बसवा.

‘जळत नाही’ हे खरं आहे, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. पीओपी, म्हणजे प्लास्टर, घट्ट झालं की त्याचं जिप्सम होतं आणि त्याच्या वजनात सुमारे 21 टक्के पाणी स्फटिकात बांधलेलं असतं. आग लागली की ते वाफ होऊन निघतं, आणि ते संपेपर्यंत मागची बाजू 100 अंश सेल्सिअसच्या फार वर चढत नाही. भिंतींना लावतात तो आगरोधक जिप्सम बोर्ड आग तासभर रोखतो तो याच जोरावर. पण हे पाणी एकदाच खर्च होतं. बोर्डाला आयुष्यात एकदाच, माणसं बाहेर पडेपर्यंत तग धरायचा असतो. चौकटीला मात्र हिवाळाभर रोज संध्याकाळी तापायचं असतं. साधारण 50 अंशांच्या वर सतत राहिलेलं प्लास्टर हळूहळू हे पाणी सोडतं, भेगाळतं आणि नखानं उकरलं तरी भुकटी पडू लागते. सुरुवात अर्थातच शेगडीच्या तोंडालगतच्या कडेपासून.

अमेरिकी नियमांनुसार लाकडासारख्या जळाऊ वस्तू तोंडापासून किमान 6 इंच लांब ठेवाव्या लागतात. प्लास्टर जळाऊ नसल्यामुळे त्याला ही अट लागत नाही. नियमात बसतं ते टिकेलच, असं थोडंच आहे? 18व्या शतकात वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमच्या काळात इंग्लंडमध्ये पाइनच्या चौकटींवर ‘कॉम्पो’ची नक्षी चिकटवत. खडू, सरस, जवसाचं तेल आणि राळ यांचा हा लगदा कोरीव लाकडी साच्यात दाबून काढत. लाकूड, तेल, राळ, सगळंच जळाऊ! तरी अशा चौकटी आजही उभ्या दिसतात, कारण तोंडालगतची पट्टी संगमरवराची असे आणि आच ती घेई. आजही तेच करावं. लाकूड किंवा गॅस पेटवणार असाल तर आतली पट्टी दगडाची किंवा विटांची आणि प्लास्टर तिच्या बाहेर. शोभेची इलेक्ट्रिक शेगडी असेल आणि तिची गरम हवा थेट चौकटीवर येत नसेल, तर पीओपी खुशाल वापरा.

आता घट्ट कालवण्याचं. 100 भाग पावडरीला रासायनिक क्रियेसाठी जेमतेम 19 भाग पाणी लागतं, पण साध्या प्लास्टरला ओतण्याजोगं करायला 70 भागांपर्यंत घालावं लागतं. जादा पाणी उडून जातं आणि मागे छिद्रं उरतात. म्हणून पाणी तोडलं तर मिश्रण नक्षीत शिरतच नाही, बुडबुडे मात्र अडकतात. कमी पाण्यात वाहणारं प्लास्टर वेगळंच असतं, अल्फा जातीचं. त्यातल्या हायड्रोस्टोन या प्लास्टरला 32 भाग पाणी पुरतं आणि वाळल्यावर दाब सोसण्याची त्याची ताकद 10,000 पीएसआय (चौरस इंचाला इतके पौंड) भरते; साध्या पॉटरी प्लास्टरची 2,400च्या आसपास. मात्र उष्णतेबद्दल वर सांगितलेलं यालाही लागू. फेविकॉल तर उबेनंच मऊ पडतो. लांब तुकडा मोडू नये म्हणून आत तागाचं विरळ कापड घालावं. देसाशी नावाच्या फ्रेंच कारागिरानं 1856 मध्ये इंग्लंडात याच पद्धतीचं पेटंट घेतलं होतं.

साच्याबाबतचा आग्रह म्हणजे निव्वळ उधळपट्टी. चौकटीचा बराचसा भाग सरळ पट्ट्यांचा असतो. पट्टीच्या नक्षीच्या आकाराचा पत्र्याचा फर्मा कापून ओल्या प्लास्टरवरून ओढला की पट्टी तयार, साच्याची गरजच नाही. रबर लागतं ते पानाफुलांच्या आत वळलेल्या खाचांसाठी. तिथंही प्लॅटिनम सिलिकॉन (सिलिकॉनचाच एक प्रकार) गंधकयुक्त मातीच्या नमुन्यावर ओतलं तर चिकटच राहतं, आणि एवढं महागडं रबर वाया जातं. पॉलियुरेथेन हे दुसरं रबर दणकट, पण सुटण्यासाठी लेप लावला नाही तर नमुन्याला कायमचं चिकटेल. लेटेक्सचे, म्हणजे पातळ रबराचे, थर ब्रशनं द्यायचे आणि बाहेरून कडक कवच करायचं, हे आपल्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांत कुणीही दाखवेल. कवच विसरलात तर खांब पोटात फुगलेला निघतो.

उद्या बसवायचं तर विसराच. प्लास्टर तासाभरात घट्ट होतं, पण वाळायला जाडीप्रमाणे काही दिवस ते काही आठवडे घेतं. ओल्या चौकटीसमोर शेगडी पेटवली की तडा ठरलेला. पंखा लावा, हीटर नको, आणि तुकड्याचं रोज वजन करा. ते उतरायचं थांबलं की मग रंग लावा.