पोट भरलं म्हणून मांजर शिकार सोडत नाही

मांजर पाळणाऱ्यांच्या फोनवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येऊन पडतो. सार असं: मांजर मेलेला पक्षी आणून पायाशी टाकतं ती त्याची प्रेमाची भेट; पोटभर खायला घाला, गळ्यात घुंगरू बांधा, की शिकार बंद; तरीही आणलंच, तर जेवढं आणतं तेवढंच मारतं आणि त्यातही बहुतेक उंदीरच; पक्षी जिवंत असेल तर चोचीत पाणी घालून उडवून द्या. यातलं घुंगराचं तेवढं अर्धवट खरं आहे.

आधी ती भेट. मांजर सावज सहसा उघड्यावर खात बसत नाही. जिथे त्याला निर्धास्त वाटतं तिथे ते उचलून नेतं, आणि पाळीव मांजराची अशी जागा म्हणजे आपलं घर. पिलं असलेली मांजरी त्यांच्यासाठी आणते. आधी मेलेलं, पुढे अर्धमेलं, म्हणजे पिलं मारायला शिकतात. घरात खाणं तयार असलं की तोंडातल्या सावजातला रस संपतो आणि ते पायपुसण्यावर पडून राहतं. आपण चपला शोधत नेमके तिथे पोचतो, एवढाच आपला संबंध. त्यामुळे शाबासकी देण्यात अर्थ नाही, आणि नाक घासून ओरडण्यात तर मुळीच नाही. मार खाल्लेलं मांजर आपल्याला बिचकायला लागतं, शिकार सोडत नाही.

पोटभर खायला घालण्याचा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि तोच सगळ्यात लंगडा आहे. उपाशी मांजर जास्त शिकार करतं हे खरं. पण पोट भरलेलं मांजर शिकार करत नाही, असं त्यातून निघत नाही. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरं आवडीचं खात असताना जवळ उंदीर सोडला. त्यांनी खाणं अर्धवट टाकलं, उंदीर मारला, तो वाटीपाशी आणून ठेवला आणि पुन्हा वाटीतलंच खायला लागली! सावज कधी समोर येईल याचा नेम नसतो. भूक लागेपर्यंत थांबणारा शिकारी उपाशीच मरायचा.

किती घालता यापेक्षा काय घालता याने मात्र फरक पडतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी ३५५ मांजरांवर केलेली पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. धान्य नसलेलं, भरपूर मांसाचं खाणं दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी घटली. खेळवायचं म्हणजे काठीला दोरी, दोरीला पिसं. ती दबकत सरपटवायची, मांजराला झेप घेऊ द्यायची आणि शेवटी खोटा उंदीर दातांत सापडू द्यायचा. नुसतं पळवून हात रिकामे ठेवले तर ते उरलेली हौस बाहेर भागवणार. गंमत म्हणजे, खाणं कोड्यासारख्या डब्यातून काढायला लावल्यावर शिकार उलट ३३ टक्क्यांनी वाढली.

घुंगरू. ब्रिटनमधल्या काही जुन्या चाचण्यांत त्याने शिकार बरीच घटली होती. एक्सेटरच्या पाहणीत ठळक फरक दिसला नाही. त्याऐवजी भडक रंगांची कापडी झालर पट्ट्यावर घातली तेव्हा पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी कमी झाली, उंदरांची नाही. घरट्यातून नुकतं खाली पडलेलं पिलू तर घुंगरू ऐकूनही कुठे जाणार? पट्टा घालणारच असाल तर ओढ बसताच सुटणारा घाला, नाहीतर फांदीत अडकून मांजरालाच फास बसेल.

आणतं तेवढंच मारतं, हे तर साफ चूक. अमेरिकेतल्या अथेन्स शहरात ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात कॅमेरे बांधून पाहिलं. शिकारीपैकी जेमतेम पाव हिस्सा घरी पोचला. जवळपास निम्मी जागीच टाकलेली, उरलेली खाल्लेली. बहुतेक उंदीरच मारतं, हेही तसंच चूक. त्या मांजरांनी सरड्यासारखे छोटे सरपटणारे प्राणीही भरपूर टिपले होते. उलट न्यूयॉर्कमध्ये कचरा प्रक्रियेच्या एका जागी भटक्या मांजरांवर पाच महिने कॅमेरे रोखले, तर दांडग्या उंदरांपैकी त्यांनी दोनच मारलेले दिसले. अंगाने मोठ्या, उलटून चावणाऱ्या उंदराच्या नादी मांजर सहसा लागत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे मांजर घरातच, किंवा जाळी लावलेल्या गच्चीत. तेवढं जमत नसेल तर निदान पहाटे आणि तिन्हीसांजेला दार बंद.

राहिला चोचीत पाणी घालून उडवून देण्याचा सल्ला, आणि तो जिवावर बेतणारा आहे. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. वरून धड दिसणाऱ्या पक्ष्याच्या पिसांखाली दातांची टोचणी दडलेली असते, आणि मांजराच्या लाळेतले जंतू त्यातून रक्तात जाऊन त्याला एक-दोन दिवसांत संपवू शकतात. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घाला, पक्षी आत ठेवा, झाकण लावून अंधार करा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. जखम दिसत नसली तरी मांजराच्या तोंडातून सुटलाय हे आधी सांगा, कारण प्रतिजैविक द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं.