वाडीच्या पुरात पाय बुडवून काय कळतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जिज्ञासू’ यांस,

नमस्कार. ‘पुराची वेळ आणि देवाचा स्वभाव’ या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवताना, आणि तिसऱ्यांदा आज पहाटे डोकं थंड असताना. उत्तर लांबलं, म्हणून ते वेगळं लिहितो आहे.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथिओपियाच्या डोंगरात पावसाळा लागला की नाईलला पाणी येई. जूनच्या शेवटी इजिप्तमधल्या अस्वानला ते चढू लागे, सप्टेंबरात पूर भरात असे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओसरे. ओल्या गाळात पेरायचं, मार्च-एप्रिलात कापायचं. म्हणजे पूर यायचा तो रान मोकळं असताना. इराकमधल्या टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांचं उलट. त्यांचं पाणी डोंगरावरच्या बर्फाचं, ते वाढतं एप्रिल-मेमध्ये, जव कापणीला आलेला असतो तेव्हा. आणि पेरणीच्या वेळी, जेव्हा पाणी हवं, तेव्हा नद्या तळाला गेलेल्या. इजिप्तचे देव भरवशाचे आणि सुमेरचे, म्हणजे या दोन नद्यांकाठच्या प्राचीन देशाचे, देव बेभरवशाचे का, याचं पुष्कळसं उत्तर या वेळापत्रकात आहे, असं मी लिहिलं होतं.

त्यावर आपलं म्हणणं असं : ही शाळेच्या पुस्तकातली शिळी कढी आहे, नाईललाही दुष्काळ पडत, इजिप्तमधला प्राचीन प्रांताधिकारी आंख्तिफी याच्या थडग्यातला लेख वाचा, सिंधूकाठी पूर येतच होते, तिथले देव कसे होते ते सांगा, त्याच नाईलकाठी पुढे ख्रिस्ती झाले, मुसलमान झाले, नदी तर बदलली नाही, बॅबिलोनच्या हामुराबी राजाच्या कायद्यांचा शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये नाही, आणि शेवटी, ‘काका, वाडीच्या पुरात पाय बुडवून युफ्रेटिस कळत नसते.’

आधी चूक कबूल करतो. हामुराबीची शिळा पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, ब्रिटिश म्युझियममध्ये नाही. ती सुसाला, म्हणजे आजच्या इराणमध्ये, १९०१-०२च्या सुमारास सापडली आणि फ्रेंचांनी नेली. लेखात दुरुस्ती केली आहे. हे आपण दाखवलंत याबद्दल आभार, आणि ते मनापासून.

आता शेवटचं वाक्य. मला ‘काका’ म्हणायला हरकत नाही, माझं वय तेवढं आहे. पण त्या वाक्यात वयाचा मान नाही, ‘गप बसा’ आहे. मी गेली ९ वर्षं हा ब्लॉग लिहितो. असहमती पुष्कळांनी दाखवली, एका बाईंनी तर माझा सगळा कालक्रम तपासून पाठवला. त्यांतल्या कुणालाही माझ्या गावावर घसरावं लागलं नाही. आपल्याला का लागलं?

वाडी म्हणजे आमची नरसोबाची वाडी. पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते तिथून माझं घर चालत पाऊण तासावर. तिथल्या देवळाला पूर कसा येतो हे आपण पाहिलं असेल असं वाटत नाही. पाणी उत्तरेकडून आत शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार म्हणतात आणि त्या पाण्यात आंघोळ करायला लांबून माणसं येतात. माझी आई पहाटे त्या स्नानाला जायची, ओल्या लुगड्यानं परतायची, आणि दुपारी आमच्या मळईच्या रानाकडे तोंड करून कट्ट्यावर बसायची. रानात गळ्याइतकं पाणी आणि त्यात ऊस. सकाळी त्याच पाण्याला तिनं हात जोडलेले असत. तिला यात विसंगती वाटली नाही आणि मलाही कधी वाटली नाही. नदी आणि श्रद्धा यांचं नातं गणितासारखं सरळ नसतं, हे मला आपण शिकवायची गरज नाही. मी ते दहा वर्षांचा असताना कट्ट्यावर बसून पाहिलं आहे.

पुढे मी पाटबंधारे खात्यात २९ वर्षं काढली, त्यातली १४ कालवा निरीक्षक म्हणून. त्यामुळे पाटावरची भांडणं मी पुस्तकात वाचलेली नाहीत. रात्रीची पाणीपाळी असते. माणूस दारं धरायला जातो, बांधावर बसतो, डोळा लागतो. पहाटे पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यातून वाहत असतं, नुकतं पेरलेलं बी गोळा होऊन एका कोपऱ्याला लागलेलं असतं, आणि मग दोघं जण माझ्यासमोर उभे. आता हामुराबीचं ५५वं कलम बघा. पाण्यासाठी पाट उघडला, हलगर्जीपणा केला आणि शेजाऱ्याचं शेत वाहून गेलं, तर त्याला आसपासच्या शेतांच्या मानाने धान्य मोजून द्यायचं. ५३वं कलम बांधाची डागडुजी न करणाऱ्यासाठी आहे. त्याच्या बांधाला खिंडार पडून शिवाराचं नुकसान झालं तर भरपाई त्यानं द्यायची. ती देता आली नाही तर ५४व्या कलमाप्रमाणे त्याला आणि त्याच्या चीजवस्तूला विकून आलेले पैसे ज्यांचं धान्य बुडालं त्यांनी वाटून घ्यायचे. माणूस विकायचा, एका बांधापायी! पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा हा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण मला त्या शेतकऱ्याचा चेहरा दिसत होता.

आणि हे फक्त कायद्यात नाही. टायग्रिस-युफ्रेटिसकाठच्याच बॅबिलोनी लोकांच्या अत्राहासिसच्या कथेत माणूस का जन्माला आला, हे सांगितलं आहे. सुरुवातीला माणूस नव्हताच. कामं धाकटे देव, इगिगी, करत होते. कसली कामं? खोदाई. टायग्रिस त्यांनी खोदली, युफ्रेटिस त्यांनी खोदली. शेवटी ते इतके वैतागले की अवजारांना आग लावून रात्री थोरला देव एनलिल याच्या वाड्याला वेढा घालून बसले. त्यावर तोडगा निघाला तो असा की एका देवाला मारून त्याचं रक्तमांस मातीत कालवायचं आणि माणूस घडवायचा, म्हणजे पाटी तो वाहील. जगाच्या उत्पत्तीच्या कथेत संप आहे आणि संप आहे तो गाळ-मातीच्या कामावरून! कालव्याचा गाळ ज्याने दोन हंगाम काढून घेतला आहे त्याला ही कथा कुठल्या देशात जन्माला आली असेल, हे सांगावं लागत नाही. दरवर्षी काढलेला गाळ दरवर्षी परत येतो. त्या कामाला शेवट नाही. म्हणून ते देवांनी टाकलेलं काम आहे.

पुढचा भाग माझ्यासाठी जास्त जवळचा आहे. माणसं वाढली, त्यांच्या गोंगाटाने एनलिलची झोप उडाली आणि त्याने रोगराई, दुष्काळ आणि शेवटी महापूर पाठवला. दुष्काळाच्या वर्णनात आहे की काळी शेतं पांढरी पडली आणि विस्तीर्ण मैदानात मीठ फुटलं.

आमच्या शिरोळ तालुक्यातल्या कुणालाही या ओळीचा अर्थ विचारा. उसाला पाणी, पाण्यावर पाणी, निचरा नाही, खालचं पाणी वर येतं आणि येताना मीठ घेऊन येतं. आमच्या तीन एकरांतला खालच्या अंगाचा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत गेला. आधी उसाची वाढ खुंटली, मग पानांची टोकं करपली, मग उन्हाळ्यात सकाळी जमिनीवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर दिसायला लागला. वडील वाकून बोट लावायचे, जिभेला लावायचे आणि थुंकायचे. पुढे ते रान चोपण झालं आणि तिथे फक्त बाभळी उरल्या. इराकच्या दक्षिण भागात वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, ऊन रणरणतं आणि जमीन सपाट. तिथे पाटाचं पाणी देत राहिलं तर तेच होणार. कवीने ती ओळ कल्पनेने लिहिलेली नाही, त्याने ते रान पाहिलेलं आहे. आणि ते रान कुणी पांढरं केलं याचं उत्तर त्याच्याकडे एनलिल हे होतं, माझ्या वडिलांकडे नशीब हे होतं. म्हणून म्हणतो, वाडीच्या पुरात पाय बुडवून युफ्रेटिस थोडी कळते. न बुडवता ती किती कळते, ते आपण सांगावं.

आता बाजूच्या इजिप्तकडे बघा. ते लोक आपल्या देशाला केमेत म्हणत, म्हणजे ‘काळी’. वाळवंट ते ‘तांबडी’. आपल्याकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात, त्यामुळे हा शब्द मला लगेच आपला वाटला. नाईलचा पूर दरवर्षी मीठ धुऊन नेई आणि गाळ देऊन जाई, म्हणून ती काळी काळीच राहिली. त्यांना सगळ्या नद्या नाईलसारख्याच असणार असं वाटे. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. इजिप्तचा राजा पहिला थुटमोस सैन्य घेऊन युफ्रेटिसवर पोचला तेव्हा ती दक्षिणेला वाहताना दिसली. त्याच्या टोम्बोसच्या शिलालेखात तिला ‘ते उलटं पाणी’ म्हटलं आहे. पुढच्या अखेनातेन राजाच्या काळच्या सूर्यस्तोत्रात परदेशांवर पडणाऱ्या पावसाला ‘आकाशातली नाईल’ म्हटलं आहे. ज्यांना पाऊससुद्धा नदीची नक्कल वाटतो, त्यांच्या मनात नदी किती खोल गेली असेल!

त्यांच्या स्वर्गातही शेतच आहे, जव उंच वाढलेला. तिथेही बांध-पाटाची कामं चुकत नाहीत, म्हणून थडग्यात ‘शाबती’ नावाच्या लहान मूर्ती ठेवत. मेलेल्याला कामाची हाक आली तर मूर्तीने ‘मी आहे’ म्हणून पुढे व्हायचं. तुतनखामुनच्या थडग्यात अशा ४१३ निघाल्या. काम बॅबिलोनलाही होतं, इजिप्तलाही होतं. पण इजिप्शियनाला मेल्यावरही तेच शेत हवं होतं, आणि बॅबिलोनच्या माणसाला मेल्यावर अंधार आणि खायला धूळ. हा फरक मी कुठल्याही पुस्तकातून उचललेला नाही, त्यांच्याच लेखनातून घेतला आहे.

आपल्या बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. आंख्तिफी मी वाचला आहे. मोअल्लाच्या थडग्यात तो लिहितो की सारा दक्षिण इजिप्त उपाशी मरत होता, लोक पोटची पोरं खात होते, आणि मी माझ्या लोकांना जगवलं. बरोबर आहे, नाईल चुकायची. पण ती चुकली म्हणजे जग उलटं झालं असं त्यांना वाटे. सुमेरमध्ये चुकणं हीच रीत होती. सिंधूची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही आणि ज्यांचे शब्द कळत नाहीत त्यांच्या देवांविषयी मी लिहीत नाही. आपण लिहिणार असाल तर लिहा. धर्म बदलला, नदी बदलली नाही, हा आपला मुद्दा ऐकायला चांगला आहे. पण ८६१ साली मुसलमान खलिफाच्या अमलात कैरोच्या रोडा बेटावर पूर मोजायचा खांब उभा राहिला, १६ हात पाणी चढलं की वर्ष भरलं असं धरत आणि कालव्याचा बांध फोडण्याचा उत्सव होई. देवाचं नाव बदललं, मोजणं तेच राहिलं. यावर वेगळा लेख लागेल, तो मी कधीतरी लिहीन.

‘शिळी कढी’ याविषयी एवढंच. नदीने राजे घडवले, कालव्यांसाठी हुकूमशाही लागली, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ते माझ्या तोंडी घालून मग खोडून काढणं सोपं आहे. माझा लेख राजांविषयी नव्हता, पूर कोणत्या महिन्यात येतो याविषयी होता. महिन्यांविषयी आपल्या प्रतिक्रियेत एक शब्द नाही. लेख पुरता वाचला होता का, अशी शंका मला त्यामुळे आली, आणि ती मी लपवत नाही.

आपली प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. खाली पुन्हा लिहायचं असेल तर अवश्य लिहा. पण एप्रिलमधला पूर आणि सप्टेंबरमधला पूर यांनी माणसाच्या मनात काही फरक पडत नाही असं आपलं मत असेल, तर तेवढंच लिहा, आणि माझ्या गावाला त्यात ओढू नका. त्या चोपण तुकड्यात गेल्या वर्षी पाइप घालून निचरा केला आहे. या जूनमध्ये धाकटा भाऊ तिथे ताग पेरणार आहे. उगवला तर फोटो इथे टाकीन.