आयकूंक येना

गेल्या शुक्रवारी म्हापशाला गेलो तो बेस गिटार घ्यायला, आणि परत आलो तो अंगाला सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वास घेऊन. बेस घेतला नाही. घरी "महाग होता" असं सांगितलंय. खरं कारण बायकोला सांगण्यासारखं नाही.

दुकान लहान. पुढे तबले, पेट्या, पोरांच्या बासऱ्या. मागे काचेचं दार लावलेली एक खोली, तिच्यात ॲम्प्लिफायर आणि एसी. मला तीन बेस वाजवून बघायचे होते, तिन्ही जुन्या घाटाचे. म्हणजे माल नवाच, अंगात आजोबांचा कोट. एक फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या वळणाचा, एक त्यांच्याच जाझ बेसच्या, आणि तिसरा तो व्हायोलिनच्या आकाराचा, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात असायचा तसा.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन आणला, त्याआधी बेसवाल्याला माणसाएवढा डबल बेस घेऊन हिंडावं लागे. वर त्याला सतारीसारखे पडदे नाहीत, त्यामुळे सूर अंदाजाने शोधायचा. फेंडरने पडदे बसवले, सूर नेमका लागायला लागला, म्हणून नाव प्रिसिजन. या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ते एक वेळ चालेल, पण त्याने डिचोली-म्हापसा मिनीबसने एकदा तरी यायला हवं होतं. जवळजवळ चार फुटांची चीज पाठीवर आणि कंडक्टर ओरडतोय, "फाटीं वच, फाटीं!" मागे जायला जागा असती तर मी पुढे कशाला उभा राहिलो असतो?

तर खोलीत बसलो. प्रिसिजनची मान हातात घेतली की जुन्या घराच्या जिन्याचा कठडा धरल्यासारखं वाटतं. जाड, भरवशाची. जाझ बेसचा घाट १९६०चा, त्याची मान वरच्या टोकाला निमुळती, बोटं आपसूक पळतात. त्याला दोन पिकअप, म्हणजे तारेची थरथर टिपणारी चुंबकं. एकच चालू ठेवला तर ट्यूबलाइटसारखा गुणगुणतो, दोन्ही पूर्ण उघडले की गुणगुण गप्प. व्हायोलिनवाला आतून पोकळ, वजनाला काहीच नाही. तार ३० इंचांची, फेंडरवाल्यांची ३४. हे सगळं मी मनात घोळवत होतो, चेहऱ्यावर जाणकाराचे भाव आणत होतो, मोबाइलवर रेकॉर्डिंगही चालू केलं होतं (आमच्या ड्रमरला पाठवायला), आणि तेवढ्यात काचेचं दार उघडून काका आत आले.

सत्तरी ओलांडलेले. धोतर, टोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पुरुमेंताचे दिवस, पावसाळ्याची बेगमी करायला सगळा बार्देश तालुका बाजारात लोटलेला, आणि काकांच्या पिशवीत दोन किलो सुकी सुंगटं. बाहेर उकडतं म्हणून आत आले. स्टूल ओढलं, "कंबर वाकत नाही रे" म्हणत त्यावर ताठ बसले, पिशवी बरोबर एसीखाली ठेवली.

मी प्रिसिजनवर खालची तार छेडली.

"हें कितें रे बाबा?"

"बेस, काका."

"आयकूंक येना."

"त्याचा आवाज खालचा असतो. खर्जातला."

"तूं म्हाका खर्ज शिकयतलो?"

आणि काका मराठीवर आले. आमच्याकडे घरात कोकणी, पण माणूस तापला की मराठीत येतो. नाटकं आणि भजनं यांनी लावलेली सवय. काका चाळीस वर्षं घुमट वाजवतायत, म्हणजे तोंडाला चामडं ताणलेलं मातीचं मडकं. चवथीच्या आरत्या, जत्रा, कुठे कुठे वाजवलं ते सगळं मला ऐकावं लागलं. त्या दिवशी ते घुमटाचं चामडं बदलायला आले होते. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. त्याच्यावर कायद्याने बंदी आली, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

"वारसा झाला, नाद गेला," काका म्हणाले. "घोरपडीचा नाद बकऱ्याला कुठला? ते बोलायचं रे. हे नुसतं खोकतं."

मला सहानुभूती वाटली. मी म्हटलं, "काका, आमचंही तेच. सपाट वेढ्याच्या गुळगुळीत तारा आणि गोल वेढ्याच्या खरखरीत तारा यांत असाच फरक असतो. ऐका." तिन्ही बेस वाजवून दाखवले.

"सगळे एकच," काका म्हणाले.

आता माझं चुकलं. मी म्हणालो, "मलाही बकरा आणि घोरपड सारखेच वाटतात."

खोलीत फक्त एसी आणि सुंगटं उरली. मग काकांनी दुकानातल्या पोराला हाक मारली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "याला भिंतीकडे तोंड करून उभा कर." वय वर्षं बेचाळीस, सरकारी नोकरी, आणि मी शाळेत उभा करायचे तसा भिंतीकडे तोंड करून, समोर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. पोराने तीन वेळा तार छेडली. मी ठणकावून सांगितलं: जाझ, प्रिसिजन, व्हायोलिन. निघालं प्रिसिजन, जाझ, व्हायोलिन. पोराने प्रिसिजनचा टोन उघडा ठेवला होता आणि जाझचा पार बंद, ही सरळ फसवणूक आहे. पण ते ऐकून कोण घेतो?

मग काकांची पाळी. स्टुलावरून उठले नाहीत. पाठ फिरवली, तळहात मागे नेऊन ॲम्पच्या खोक्यावर टेकवला, डोळे मिटले.

"हा दार ठोठावतो. पहिला." प्रिसिजन. "हा नाकात बोलतो. मधला." जाझ. "हा मडक्यात तोंड घालून बोलतो." व्हायोलिनवाला.

तीनपैकी तीन. पोराने टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "आयकूंक येना ते येनाच. पण हाताला कळतं."

आता हे पंधरा मिनिटांचं प्रकरण, हसून सोडायला हवं. पण बेसवाल्याच्या आयुष्यात कोणाला काही ऐकू येतं कधी? लग्नात आम्ही वाजवतो, तर साउंडवाला पहिल्या गाण्यालाच येतो: बेस कमी करा, पाहुण्यांना बोलता येत नाही. रात्री दहाला भोंगे बंद करायचे म्हणून शेवटची तीन गाणी उरकायची आणि हिशेबाच्या वेळी ऐकायचं, "तू गिटारचा ना? की दुसरा?" अमेरिकेतला बेसवाला जेम्स जेमरसन डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी वर्षानुवर्षं वाजवत राहिला, १९६२चा प्रिसिजन, सपाट तारा, उजव्या हाताचं एकच बोट. बरीच वर्षं तबकड्यांवर त्याचं नावसुद्धा छापत नव्हते. तार तुटल्याशिवाय तो बदलत नसे म्हणतात. आमच्याकडे तीही चैन नाही. जूनमध्ये लावलेली गोल तार चवथीपर्यंत गंजून मेलेली असते. आणि एवढं करून मला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं.

बेस न घेताच निघालो. काकांनी जाताना सांगितलं, "बाबा, आरत्यांना ये. तुझं ते दार ठोठावणारं घेऊन ये." मी नुसती मान हलवली.

रात्री ड्रमरला रेकॉर्डिंग पाठवलं. खालची तार सेकंदाला ४१ वेळा हलते, मोबाइलच्या भोंग्याला तिथवर उतरता येत नाही. त्याचं उत्तर आलं: "बेस कुठे वाजलाच नाही. पण ते काका कोण? त्यांचा आवाज मस्त आलाय."

मला मात्र त्या काचेच्या दाराचा संशय होता. पाठ फिरवल्यावर काकांच्या समोर तेच दार होतं. त्यात पोराचं प्रतिबिंब दिसत असणार. आणि डोळे मिटले होते ते पूर्ण की किलकिले, कोणी पाहिलं? म्हणून काल, या शुक्रवारी, ऑफिसातून अर्धी रजा टाकून पुन्हा गेलो. त्याच स्टुलावर तसाच पाठमोरा बसलो, पोराला बेस घेऊन मागे उभं केलं. दिसतं. काचेत स्पष्ट दिसतं, कुठला बेस तेसुद्धा कळतं.

फक्त त्यासाठी कमरेतून बरंच वाकावं लागतं.