आबाचं अनुदान, बायकांचं फुकट

भाऊबीजेला सेलम आला की आमच्या कट्ट्यावर भांडण ठरलेलं. सेलम म्हणजे आमचा मित्रच, खानापूर तालुक्यातला, तीस वर्षं झाली तिकडं तामिळनाडूत सेलमला गलाईचं दुकान आहे, सोनं गाळतो, त्यामुळं खरं नाव फक्त आधार कार्डावर उरलंय. बहीण तासगावात दिलीय, तिच्याकडचं ओवाळणं झालं की तो रात्री सांगली रोडच्या चहाच्या गाड्यावर हजर.

यंदा सुरुवात आबानं केली. आबा म्हणजे चार एकर द्राक्षबाग, पांढरा स्टार्च, आणि देश कसा चालवायचा ते दिल्लीतल्या लोकांपेक्षा त्याला जास्त कळतं. "थिनिंगला, घड विरळायला बायका मिळंनात लका. का येतील? घरात बसून लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार. सगळा देश फुकट्या करून ठेवलाय मतासाठी."

"दीड हजारात घरात बसून दाखव की तू एक महिना," सेलम म्हणाला. "गॅस आणि तुझी तंबाखू, एवढ्यातच संपतील."

आबाचं तिकडं लक्षच नाही. त्याचं म्हणणं आपल्याकडं लोकशाही जरा जास्तच झालीय, एवढ्या जाती, एवढ्या भाषा, ज्याला त्याला मत, मग प्रगती कशी होणार, चीनसारखा एक माणूस पाहिजे काठी घेऊन. हे तो दर दिवाळीला म्हणतो.

मास्तर (झेडपीतनं रिटायर, बोलतात कमी) म्हणाले, "काठीवाला ७५ साली आणीबाणीत येऊन गेला की. नसबंदीची गाडी आली म्हटल्यावर तुझा बाप दोन दिवस शाळूत लपून होता, भाकरी पोचवायला मीच जायचो."

यावर जो हशा झाला त्यात पाच मिनिटं गेली, आबाचा चहा गार.

मग सेलमनं विषय धरला, आणि तो धरला की सोडत नाही. म्हणाला, तुम्हाला फुकट म्हणजे काय ते आमच्याकडं येऊन बघा. कामराजांच्या काळात शाळेत पोरांना जेवण सुरू झालं, ८२ ला एमजीआरनं ते आणखी वाढवलं, तेव्हापण शहाणे लोक हेच बोलत होते, राज्य बुडणार म्हणून. पुढं टीव्ही वाटले, आता बायकांना साध्या बसचं तिकीटच नाही. आणि आज कारखान्यांची संख्या काढली तर देशात एक नंबर तामिळनाडू. "बुडालं का? शाळेत जेवलेलं पोरगंच उद्या कारखान्यात कामाला जातंय. माझ्या दुकानात तिथल्या तीन पोरी आहेत हिशेबाला, बसनं फुकट येतात, पगार माझ्याकडनं घेतात. घरात बसल्यात का?"

"ते मद्राशांचं वेगळं असतंय," आबा. (आबा अजून मद्रासी म्हणतो. सांगून झालंय.)

"बरं, तुझ्या गावचं सांगतो मग. विसापूर इथनं किती लांब? रोजगार हमीचा पहिला प्रयोग तिथं झाला, वि. स. पागेंनी केला. ७२ च्या दुष्काळात त्याच्यावरच अख्खा महाराष्ट्र जगला, ७७ ला कायदा झाला आणि दिल्लीला तो सुचायला २००५ उजाडलं. तासगावातल्या प्रयोगानं देशाला शिकवलं, आणि तू तासगावात बसून त्याला फुकटं म्हणतोस?"

"ते काम करून घेत होते. खडी फोडायला लागायची."

"हो, माझ्या आईनं फोडली," मास्तर म्हणाले. "आणि नोकरी लागल्यावर त्या हमीसाठी व्यवसाय कर भरला मी, शेवटी शेवटी महिन्याला दोनशे, फेब्रुवारीला तीनशे. कधी जड गेला नाही." परत गप्प.

आता आबाला गप्प बसता आलं असतं. पण तो म्हणाला, "मी कुणाचं फुकट घेत न्हाय."

सेलमनं कप खाली ठेवला. "मोटर किती एचपीची तुझी?"

"पाच."

"बिल?"

आबा गप्प. साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे हे काय कट्ट्यावर सांगायला लागतं का.

"ड्रीपला काय मिळालं? एकोणीसच्या कर्जमाफीत किती गेले? म्हैसाळ, टेंभू, ताकारी उपसा योजनांचं पाणी उचलायच्या विजेचे शंभरातले एक्क्याऐंशी रुपये सरकार भरतंय, तू एकोणीस. घे की, मी नको म्हणत न्हाय. नागनाथअण्णा नायकवडी आटपाडीत वर्षानुवर्षं पाणी परिषदा भरवत बसले, माणसं मोर्च्याला गेली, मतं मागायला आलेल्याला दारात उभं करून विचारलं, तेव्हा पाणी हललं. काठीवाल्यानं आणलं न्हाय ते. पण तू घेतलंस की अनुदान आणि बाईनं घेतलं की फुकट, ही कुठली शाळा रं?"

आबानं मग ठेवणीतला डाव टाकला, पिंट्याकडं वळून म्हणाला, "ह्याच्या चुलत्यानं सोसायटीला मला अकरा मतांनी पाडलं, तेव्हा बायकांना साड्या वाटल्या होत्या." वास्तविक पिंट्या बिचारा भडंग खात बसलेला. पण त्याचं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, गावाची सगळी अंडीपिल्ली त्याच्याकडं.

"साड्यांचं जाऊ दे आबा," पिंट्या म्हणाला, "वहिनींच्या केवायसीला तुमचा आधार लागतोय, मोबाईलवर ओटीपी येईल तेवढा सांगा."

"कसली केवायसी?"

कुणी काहीच बोललं नाही. गाड्यावरच्या मावशी तेवढ्या दुधाकडं बघत म्हणाल्या, "माझापण ओटीपी नवऱ्याच्या फोनवर अडकलाय. बायकांचे पैसे, आणि चावी तुमच्याकडंच."

आबाचं तोंड बघण्यासारखं झालं. उत्पन्नाची अट, बोलेरो कुणाच्या नावावर, असं पिंट्याला एकेक विचारणार होतो, तेवढ्यात आबाचा फोन वाजला. उचलून कानाला लावला आणि तसाच उठला. मोटरच्या मोबाईल स्टार्टरचा फोन, शेतीची थ्री फेज लाईट आली होती, रात्रपाळीचा आठवडा.

"कुठं चाललास?" सेलम ओरडला. "देशाचं अर्धंच झालंय!"

"कॉक फिरवायचाय!" गाडीला किक मारत आबा.

"बिल भरून जा मोटरचं!"

पिंट्याच्या नाकात भडंग गेलं. मास्तर डोळे पुसत होते. आबा वळणावरनं परत आला, आम्हाला वाटलं आता शिव्या देणार, तर पिंट्याजवळ गाडी थांबवून हळूच म्हणाला, "तो ओटीपी किती आकडी असतोय?"