गव्हाणीतलं बाळ आणि दर डिसेंबरचा फॉरवर्ड

डिसेंबर लागला की तो फॉरवर्ड हमखास येतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच. नाताळ म्हणजे रोमन सूर्यदेवाचा चोरलेला सण. कुमारीपोटी जन्माची कथा रोमनांचा देव मिथ्र आणि इजिप्तचा देव होरस यांच्यावरून उचललेली. जन्मकथा सांगणारी मत्तय आणि लूक ही बायबलमधली दोन शुभवर्तमानं (येशूची चरित्रं), त्यांचा एकमेकांशी मेळ नाही. येशूला देव ठरवलं ते 325 साली निकेया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत, मतदान घेऊन. आणि शेवटी निकाल: म्हणून या जन्माला आध्यात्मिक अर्थबिर्थ काही नाही, गोंडस बाळाची गोष्ट आहे झालं.

यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून लिहायला बसलो. निव्वळ थाप असती तर पुसून मोकळा झालो असतो.

आधी तारीख. सम्राट ऑरेलियनने 274 मध्ये रोममध्ये सूर्यदेवाचं देऊळ उभारलं, हे खरं. पण 25 डिसेंबर हा 'अजिंक्य' सूर्याचा दिवस असल्याचं सांगणारा जुन्यात जुना दस्तऐवज 354 सालचा आहे. त्या पंचांगात त्या दिवशी रथांच्या तीस शर्यती नोंदवल्या आहेत. गंमत अशी, की त्याच दस्तऐवजातल्या दुसऱ्या एका यादीत त्याच तारखेला 'ख्रिस्त यहूदियातल्या बेथलेहेमात जन्मला' अशीही नोंद आहे. कोणी कोणाची तारीख घेतली, हे त्यावरून ठरत नाही. दुसरा एक हिशेबही होता. येशूचा मृत्यू 25 मार्चला झाला असं तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपासूनच काही ख्रिस्ती लेखक मांडत होते, आणि गर्भधारणाही त्याच दिवशीची, ही समजूत पुढे ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताकडे दिसते. 25 मार्चपासून नऊ महिने मोजा.

सूर्याचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पाचव्या शतकात पोप लिओला नाताळच्या प्रवचनात लोकांना दटावावं लागलं, कारण रोममधल्या संत पेत्राच्या चर्चच्या पायऱ्या चढून आत जाण्याआधी ते वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करत. पण शुभवर्तमानांत तारीखच दिलेली नाही. आर्मेनियन चर्च आजही जन्माचा सण 6 जानेवारीला पाळतं. अर्थ तारखेवर टांगलेला असता तर हे चाललं नसतं.

मिथ्र-होरसचं थोडक्यात उरकतो. रोमन शिल्पांतला मिथ्र खडकातून बाहेर येतो, तोही चांगला वाढलेला. तिथे आईच नाही, मग कुमारी कुठली? होरसची आई इसिस ही ओसिरिसची बायको. मेलेल्या नवऱ्याचा देह सांधून ती त्याच्यापासून गर्भ धारण करते. कथा विलक्षण आहे, पण कुमारीची नाही.

शुभवर्तमानांचा मेळ नाही, हा आरोप सगळ्यांत वजनदार. मत्तयाकडे मागी म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, घर, हेरोद राजाने केलेली बाळांची कत्तल आणि मिसरला (इजिप्तला) पलायन. लूककडे मेंढपाळ, गव्हाणी आणि यरुशलेमचं मंदिर. लूक जी नावनिशी (जनगणना) सीरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या काळातली म्हणतो, ती आपल्याला इतर साधनांतून इ.स. 6 ची म्हणून माहीत आहे. मत्तय ज्याच्या राज्यात हा जन्म झाल्याचं सांगतो, तो हेरोद तर इ.स.पू. 4 मध्येच वारला. ही दरी बुजवायला बऱ्याच कसरती झाल्या आहेत, मला त्यातली एकही पटलेली नाही. जुन्या करारातला संदेष्टा यशया याच्या ज्या वचनाचा मत्तय आधार घेतो, तिथे मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'तरुणी' आहे, 'कुमारी' हा शब्द ग्रीक भाषांतरातला, हेही कबूल. पण एकमेकांची नक्कल न करणारे दोघे लेखक मरीया, योसेफ, बेथलेहेम, नासरेथ आणि पवित्र आत्म्याने झालेली गर्भधारणा यांवर एकमत आहेत. म्हणजे ही गोष्ट दोघांच्याही आधीची.

निकेया? तिथला वाद पुत्र पित्याच्या 'एकाच तत्त्वाचा' आहे का, यावर होता. येशूला भजावं की नाही, यावर नव्हता. साधारण 112 साली प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्रेजनला कळवतो की ख्रिस्ती लोक ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रं गातात. आणि त्याहून पन्नासेक वर्षं आधी पौल या ख्रिस्ती प्रचारकाने फिलिप्पै शहरातल्या अनुयायांना लिहिलं होतं, की देवाच्या स्वरूपाचा असूनही येशूने स्वतःला 'रिक्त केले'.

हा 'रिक्त' शब्द हातात धरून लूकचा दुसरा अध्याय वाचा, मग 'गोंडस' शब्द तोंडात राहत नाही. मेंढपाळांना देवदूत खूण सांगतो. काय खूण? तेजोवलय नाही, हलणारा तारा नाही. बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेलं एक बाळ. जनावरांना वैरण घालायची ती गव्हाण. एवढ्याशा अध्यायात लूक हा शब्द तीनदा वापरतो. (बैल आणि गाढव मात्र त्याच्याकडे नाहीत, ते नंतरच्या लोकांनी यशयातून आणून उभे केले, आणि 1223 मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेच्चो गावात ते खरेखुरे आणून दाखवले.) ज्याच्या शब्दाने जग झालं असं ख्रिस्ती माणसं मानतात, त्याला इथे मान धरता येत नाही, दुसऱ्याने उचलल्याशिवाय हलता येत नाही. देव माणसाचं सोंग घेऊन आला, असंही नाही. त्याचा देह नुसता भास होता असं म्हणणारे पंथ निघाले, आणि चर्चने त्यांना ठाम नकार दिला. ख्रिस्ती अर्थ इथे आहे, या परावलंबनात.

आणि उचलाउचलीचाच शोध घ्यायचा तर सूर्य सोडा, सम्राट पाहा. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रीएने इथे इ.स.पू. 9 चा शिलालेख सापडला आहे. ऑगस्टस या देवाचा जन्मदिवस ही जगासाठी शुभवार्तेची सुरुवात, असं त्यात म्हटलंय, आणि त्याच्या वाढदिवसापासून वर्ष सुरू करायचा ठराव आहे. लूक जन्माची कथा त्याच ऑगस्टसच्या हुकमाने सुरू करतो आणि शुभवार्ता, तारणारा, शांती हे दरबारी शब्द गव्हाणीपाशी आणून ठेवतो. याआधीच्याच अध्यायात मरीयेने गायलेलं असतं, की देवाने अधिपतींना सिंहासनांवरून ओढून काढलं.

पुढे आईबाप बाळाला मंदिरात नेतात. यहुदी नियमाप्रमाणे बाळंतपणानंतर कोकरू अर्पण द्यायचं असतं. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं. लूक कोकराचं नावच काढत नाही, पक्ष्यांचाच उल्लेख करतो. तिथेच म्हातारा शिमोन बाळाला हातांवर घेतो, देवाचे आभार मानतो, आणि मग मरीयेकडे वळून सांगतो, की तुझ्या जिवातूनही तलवार आरपार जाईल. बाळ तेव्हा जेमतेम चाळीस दिवसांचं आहे.