टप उघडला की गाव आत

जर्मनीत सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. शाळेत भूगोलाला हे होतं, पण त्याचा आपल्या संसाराशी कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. आमचं बेळगाव सोळाव्या अक्षांशाच्या जरासं खाली. इथं वर्षातून दोनदा सूर्य नेमका टाळूवर येतो, एकदा मेच्या सुरुवातीला आणि एकदा ऑगस्टमध्ये. ऑगस्टातला सहसा कुणी बघत नाही, कारण तेव्हा मध्ये ढग असतात. तर, जिथं ऊन तिरपं पडतं आणि तेही सणासुदीला पडल्यासारखं, तिथल्या लोकांनी ते अंगावर घेता यावं म्हणून एक गाडी काढली. बटण दाबलं की तिचा टप घडी होऊन डिकीत जातो. ती गाडी सध्या टिळकवाडीत आमच्या दारात उभी आहे.

गाडी माझी नव्हे, मेव्हण्याची. तो पुण्याहून कॅनडाला निघाला तेव्हा म्हणाला, "भाऊजी, तुमच्याकडं जागा आहे, हवा थंड आहे. नुसती उभी राहिली तर खराब होईल, अधनंमधनं फिरवत जा." जुने लोक बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, त्या लौकिकाची ही किंमत. किल्ली ठेवून तो गेला आणि अधिक महिन्यातल्या जावयासारखी ही गाडी घरात येऊन बसली. तिला काय चालतं, काय चालत नाही, याची यादी तो अजून फोनवर सांगतोय.

पहिल्या दिवशी आईनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"बसतात किती?"

"दोन."

"आणि टप?"

"तो निघतो."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माणसं दोन, वर टप नाही. मग त्यानं पैसे कशाचे मोजले रे?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

बंद गाडीत माणूस आपल्या घरात असतो. उघड्या गाडीत तो चव्हाट्यावर बसलेला असतो, हे मला रेल्वे गेटावर कळलं. टिळकवाडीत राहणाऱ्याचं अर्धं आयुष्य गेटाच्या अलीकडं जातं, त्यात नवल नाही. पण टप उघडा असताना गेट पडलं की आजूबाजूचे स्कूटरवाले आपल्यापेक्षा उंच होतात आणि वरून थेट मांडीत बघतात. "वो, एसी लावला तर गार हवा जाते कुठं मग?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं मायलेज विचारलं. तिसऱ्यानं स्वतःच उत्तर दिलं, "मायलेज बघणारा माणूस असली गाडी घेतोय काय?" मग दोघांचं माझ्या डोक्यावरून जुंपलं. एका मावशींनी कोथिंबिरीची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, पदर नीट केला आणि पिशवी पुन्हा उचलली. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. ती सीट तेव्हा कट्ट्यासारखीच दिसत होती.

गणपतीच्या आधी मंडळाची पोरं येतात तेव्हाची गोष्ट वेगळी. बंद गाडी असली तर काच वर करून फोन कानाला लावता येतो. इथं पावतीपुस्तक वरून सरळ मांडीवर पडतं आणि आकडा गाडी बघून आधीच लिहिलेला असतो. "मेव्हण्याची आहे रे," असं म्हटलं तर म्हणतात, "मग त्यांच्या नावानं फाडू काय, काका?"

बसबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगतो, की बसच्या खिडक्यांच्या रांगेला समांतर उघडी गाडी चालवू नये. गुटखा खाणारा माणूस थुंकण्याआधी खाली बघत नाही.

चन्नम्मा चौकात एकदा हवालदारानं शिट्टी मारून बाजूला घेतलं. "टॉप एल्लि री?" टप कुठाय, म्हणाला. "डिक्क्याग ऐत्री," मी म्हणालो. डिकीत आहे म्हटल्यावर त्याला मी चेष्टा करतोय असं वाटलं, म्हणून बटण दाबून दाखवावं लागलं. मागचं झाकण उलटं उघडलं, आतून टप उठला, दोन तुकडे हवेत वेगळे झाले, पुन्हा जुळले आणि काचेला येऊन चिकटले. वीसेक सेकंदांचा खेळ. तेवढ्यात फुलवाले, रिक्षावाले, कॉलेजची पोरं अशी जत्रा जमली, कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं आणि मागं बेंगळूरच्या बसपर्यंत रांग लागली. ती गर्दी पांगवायला बिचाऱ्या हवालदाराला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आता कुणी म्हणेल, थंडीत काढा की गाडी. डिसेंबरच्या पहाटे बेळगावात खरोखर मफलर लागतो, आणि जर्मनांनी तर अशा गाड्यांसाठी सीटमधून मानेवर गरम वारा सोडण्याची युक्ती काढली आहे. मर्सिडीजनं ती 2004 साली आणली. पण डिसेंबरात आमच्याकडं कर्नाटकाची विधानसभा येते. तिच्यासाठी सुवर्ण विधानसौध ही इमारत 2012 मध्ये उभी राहिल्यापासून हिवाळी अधिवेशन म्हणजे बंदोबस्त, मोर्चे, ताफे आणि वळवलेले रस्ते. त्यात या गाडीचा नंबर एमएच 12. सीमाभागात नंबरप्लेट ही नुसती प्लेट नसते. 2022 च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगड पडले, तेव्हा बंद गाड्यांच्या काचा फुटल्या. माझ्याकडं काच फुटायचाही प्रश्न नाही, दगड सरळ पाहुणा म्हणून आत येणार.

कायद्यानं दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे केए 22. त्याला कर्नाटकाचा आजीवन कर आहे; वीस लाखांच्या वरच्या गाडीला टक्केवारी ऐकूनच माणूस सायकलकडं बघायला लागतो. मेव्हणा म्हणतो, "भाऊजी, मी येतोच आहे." बेळगाव कुठल्या राज्यात हा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. गाडी कुठल्या राज्यात हा दावा आमच्याकडं रोज सकाळच्या चहाला निघतो आणि तारीख पडते.

राहिला शहराबाहेरचा रस्ता. पिरनवाडीहून जांबोटीकडं निघालं की पुढं कणकुंबी, चोर्ला आणि खाली गोवा. झाडी, वळणं, वारा. जाहिरातीत असतो तसाच रस्ता. फक्त जाहिरातीत स्पीडब्रेकर नसतात. नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी झोका घेतल्यासारखी जाते. या गाडीचं पोट जमिनीपासून साधारण 11 सेंटिमीटरवर. कागदावर एक सेंटिमीटर शिल्लक राहतो. पण गावोगावचे स्पीडब्रेकर कागद बघून घातलेले नाहीत. ते कुणाचं तरी कोंबडं मेल्यावर रात्रीत घातलेले आहेत. बायको दर गावात उतरते, गाडी हलकी होते, मी तिरकी घालून एकेक चाक चढवतो आणि ती पुढं जाऊन वाकून बघत "ये, ये, ये, थांब!" करते. पारावरची म्हातारी माणसं मन लावून बघतात. एकदा एका आजोबांनी तिला विचारलं, "ताई, दर गावाला उतरून चालतच जायचं होतं तर गाडी कशाला आणली?"

ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागं हीच गाडी लागली की डोळे वर ठेवून चालवावी लागते. दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस आणि त्याला आवळलेला एकच दोर. मागची पोरं पळत येऊन कांड्या ओढतात, त्यातली एखादी सुटून आपल्याकडं येते. लागली तर लागली, नाही तर खायला होते.

उन्हाळ्याचं काय सांगू. टप उघडा ठेवून गणपत गल्लीत गेलो आणि परत येऊन बसलो तर काळ्या कातड्याच्या सीटनं असा चटका दिला की उठून उभाच राहिलो, आणि टप नसल्यामुळं व्यवस्थित उभा राहता आलं. बेल्टचं बकल तर टॉवेलनं धरावं लागतं. आणि मेमध्ये दुपारनंतर वळीव. वळवाची एक पद्धत आहे: आधी धूळ, मग मातीचा वास, मग दोन टपोरे थेंब आणि तिसरा थेंब मोजायला वेळच मिळत नाही. बटण दाबायला उशीर झाला नव्हता. पण टप हलेना, समोर लाल अक्षरं आली. डिकीत प्लॅस्टिकचा एक पडदा असतो. तो पूर्ण ओढलेला नसेल तर यंत्र हलतच नाही, कारण खाली सामान आलं तर टप त्यावर आपटेल. पडदा ओढलेला नव्हता, कारण त्याखाली आईनं मार्केट यार्डातनं आणवलेलं रताळ्यांचं पोतं होतं. ते मी कसंबसं कोंबलं होतं आणि त्यातलं एक रताळं पडद्याच्या खाचेत मान घालून बसलं होतं. भर रस्त्यात पावसात उभा राहून मी ते रताळं काढत होतो आणि समोरच्या दुकानाच्या पत्र्याखालून सल्ले येत होते. "डावीकडनं ढकला." "पोतं उतरवा की वो." "आता बंद करून उपयोग काय, आत भरलंच की."

ते खरं होतं. आत भरलं होतं.

पण वळीव परवडला. मृगानंतरचा पाऊस बाहेरून येत नाही, तो गाडीतच राहायला येतो. टपाच्या कडेनं पाणी वाहून जायला पन्हळी असतात आणि त्यांना बोटाएवढी भोकं. जर्मनीतल्या पानांचा विचार करून ती काढली असावीत. आमच्या दारात गुलमोहर. त्याची पानं म्हणजे तांदळाच्या कणीएवढी. भिजली की भोकात थरावर थर बसतात, वर तांबड्या मातीचा गिलावा. मग पाणी जायला वाट शोधतं आणि ती सीटच्या मागं सापडते. मी सायकलच्या ब्रेकची जुनी वायर भोकात घालून हळूहळू फिरवायला शिकलो. वायर अडते, जरा दाब द्यायचा, आत काहीतरी सुटतं, आणि चाकाजवळ खाली काळं पाणी भस्सकन येतं. तो आवाज ऐकायला शेजारचे काकाही येऊन उभे राहतात.

कातड्याला पांढरी बुरशी आली, ती व्हिनेगरनं पुसली. मग उंदीर आले. वायरी कुरतडू नयेत म्हणून कुणीतरी तंबाखूची पानं ठेवायला सांगितली, आणि निपाणी काय लांब नाही. उंदीर गेले. पण आता मी कुठूनही घरी आलो की सासूबाई नाक वर करून बायकोकडं बघतात.

आणि श्रावणात टप अर्ध्यावर अडकला. काँग्रेस रोडवर जरा ऊन पडलं म्हणून उघडायला गेलो, तो उठला, सरळ उभा राहिला आणि तसाच राहिला. पाण्यानं पंपाची मोटर बुडाली होती. नेमकी ती खाली कोपऱ्यात, जिथं पाणी साठतं तिथंच बसवलेली. दूरच्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरनं फोनवरच सांगितलं, अख्खा संच बदलावा लागेल. आकडा ऐकून मी फोन बायकोकडं दिला.

पण बेळगावात एक गोष्ट आहे. हायड्रॉलिकच्या पंप-व्हॉल्व्हसाठी हे गाव देशात ओळखलं जातं, उद्यमबागेत ते काम पिढ्यानपिढ्या चालतं. तिथले एक मेस्त्री आले. त्यांनी टपाला नमस्कार केला नाही की फोटो काढला नाही. सीटमागचा गालिचा उचलला, बोटावर तेल घेतलं, वास घेतला. "पाणी मिसळलंय. मोटर वाइंडिंग करून देतो. सिलिंडरचं सील कडक झालंय, हे माप इथं मिळत नाही, बनवून घ्यायला पायजे." मग उभ्या टपाकडं बघून म्हणाले, "हे असलं कुणाच्या डोक्यातनं निघालं वो?"

मला ते माहीत होतं. रात्री झोप न आल्यामुळं वाचलं होतं. म्हटलं, एक फ्रेंच माणूस होता, जॉर्ज पोलँ. त्याच्या कल्पनेवरनं 1934 साली प्यूजोनं असा लोखंडी टप डिकीत जाणारी गाडी काढली. तो मूळचा दातांचा डॉक्टर.

मेस्त्रींनी पान्हा खाली ठेवला. "म्हणूनच आ करून बसलंय."

सील दिवाळीपर्यंत होईल म्हणाले. तोवर टप हातानं ढकलून डिकीत बसवला आणि वर निळी ताडपत्री, चारी बाजूंनी सुंभ. एवढी महागडी गाडी खताच्या पोत्यांच्या ढिगासारखी दारात उभी होती.

रविवारी फाटकाशी दोघंजण आले. एक वयस्क, एक तरुण, हातात पेढ्यांचा पुडा. अनगोळहून आलोय म्हणाले. तुळशीचं लग्न झालं की मुलाचं लग्न. वरातीला गाडी पायजे होती.

बायकोनं समजावलं. "अहो काका, गाडी बिघडलीय. टप वर येतच नाही तिचा."

काकांनी ताडपत्रीचं टोक उचलून आत बघितलं आणि मुलाकडं वळले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? ताई, नवरदेव उभा राहणार की वो, टप घेऊन काय करायचंय आम्हाला! दुरुस्तबिरुस्त काही करू नका. भाडं किती घेताय ते सांगा."

बायको माझ्याकडं बघायला लागली. मग म्हणाली, "या की आत. चहा घेऊया, मग बोलू."