हिवताप पुन्हा का उलटतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. हिवतापाचा परजीवी शरीराला चकवतो, हे माझे म्हणणे म्हणजे दुबळ्या प्रतिकारशक्तीवर घातलेले पांघरूण आहे, असे आपण म्हापशाहून कळवले आहे. लहानपणी किरायत्याचा काढा न घेतल्यामुळेच आपल्या पुतण्याला वर्षात दोनदा ‘व्हायवॅक्स’ जातीच्या परजीवीचा हिवताप झाला, असेही आपले मत आहे. ते मला मान्य नाही, कारण त्यात आजारी माणसालाच दोष लागतो.

आधी फाल्सिपेरम ही दुसरी जात पाहू. हा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की तिच्या पृष्ठभागावर आपले एक प्रथिन मांडतो, ज्याच्या आधाराने ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटते आणि प्लीहेच्या गाळणीतून सुटते. प्रथिन उघड्यावर असल्यामुळे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतेच. परंतु परजीवीजवळ अशा प्रथिनांची सुमारे ६० जनुके असतात, एका वेळी सहसा एकच वापरात असते, आणि प्रतिपिंडे पुरेशी होईपर्यंत काही परजीवींनी दुसरेच प्रथिन पुढे केलेले असते. शरीर लढण्यात कमी पडत नाही. ज्या खुणेवर ते नेम धरते ती खूणच बदलते.

व्हायवॅक्सची तऱ्हा वेगळी. त्याचे काही परजीवी यकृताच्या पेशींत कित्येक आठवडे, कधी अनेक महिने निपचित पडून राहतात आणि मग जागे होऊन पुन्हा ताप आणतात. रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाहीत आणि रक्तातल्या परजीवींना मारणारे क्लोरोक्विन त्यांना मारत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन लागते, तेही जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींतल्या विकराची (एन्झाइमची) तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि नेहमीच्या पद्धतीत सलग १४ दिवस.

माझे वडील फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात जन्मभर राबले, आणि दर पावसाळ्यात किरायते न चुकता घेत. आषाढात त्यांना व्हायवॅक्स झाला, तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी त्यांनी गोळ्या थांबवल्या. दिवाळीत भर दुपारी ते दोन गोधड्यांखाली कुडकुडत होते, तेव्हा देव्हाऱ्याखालच्या खणात मला उरलेल्या गोळ्यांची पट्टी सापडली. त्यांना दुबळे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पुतण्याला दुसऱ्या वेळी नवा डासही चावला असेल, ते इथून सांगता येणार नाही. पण पहिल्या तापात त्याला प्रायमाक्विन दिले होते का, आणि दिले असल्यास त्याने ते पूर्ण घेतले का, एवढे त्याला अवश्य विचारा, आणि जुने कागद घेऊन त्याला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवा.